पडदा कुणाच्या ताब्यात? : दहावीच्या वर्गातून चित्रपटाच्या धंद्याकडे

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ आणि ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ असे दोन धडे पाठोपाठ आहेत. ते सुरू झाले की शेवटच्या बाकावरच्या माना वर होतात. सिनेमावर बोलायचं म्हटल्यावर वर्गात असं एकही मूल नसतं ज्याला काही सांगायचं नाही. आणि तरी धडा संपताना वहीत काय उरतं? ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, दादासाहेब फाळके. एका वाक्यात उत्तर, एक गुण.

त्या एका गुणाच्या उत्तरापाशी मी थांबते आणि मुलांना विचारते, पैसे कुणाचे होते?

फाळक्यांनी आपली विमा पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. भांडवल घालणाऱ्याला हे खूळ नाही हे पटवायचं होतं, म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा रुजवून त्याचा वेल कसा वर येतो याची छोटी फिल्म काढून दाखवली. कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्याच सरस्वतीबाई घरी कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्याचं काम करत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधत. मग ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. थिएटर फाळक्यांचं नव्हतं. पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, तेव्हा भांडवल भागीदारांचं होतं. त्यांच्याशी पटेना, तेव्हा फाळके सगळं सोडून काशीला निघून गेले. पुढे ते परत आले, पण ज्यांच्या नावाने आज देशातला चित्रपटाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो, त्यांनाही आपल्या कंपनीत आपलं म्हणणं चालवता आलं नव्हतं.

एवढं सांगून झालं की वर्गातून प्रश्न येतोच, “मग पिच्चर कुणाचा असतो?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी मुलं जीसीएसईची परीक्षा देतात, त्यात माध्यम-अभ्यास हा विषय घेता येतो. त्या अभ्यासाचे चार खांब आहेत: माध्यमाची भाषा, त्यातलं लोकांचं चित्रण, माध्यमाचा उद्योग आणि त्याचा प्रेक्षक. आपल्याकडे कुठे रसग्रहण शिकवलं तर पहिल्या दोन खांबांपर्यंत पोचतो. उरलेले दोन आपण मोठ्यांसाठी ठेवून दिलेत. प्रत्यक्षात तेच दोन मुलांना लवकर समजतात, कारण तिथे जड शब्दांच्या आधी पैसा, दुकान आणि गिऱ्हाईक येतं, आणि ते तर आमच्या मुलांनी रोज घरी पाहिलेलं असतं.

कायद्याचं उत्तर आधी देऊन टाकू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता: ज्याने तो बनवायचा पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. दिग्दर्शक नव्हे, नट नव्हे, कथालेखकही नव्हे. हा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो, मग चित्रपट सगळ्यांचा होतो. गीतकार-संगीतकारांना २०१२ च्या दुरुस्तीने थोडा आधार मिळाला. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजून जो पैसा येतो त्यातला त्यांचा वाटा आता कागदावर सही घेऊनही निर्मात्याला काढून घेता येत नाही.

पण मालकी कागदावर असते आणि ताबा वेगळ्याच ठिकाणी असतो, आणि सगळं शिकवणं तिथूनच सुरू होतं.

ऊस, कारखाना आणि दुकान

आमच्याकडच्या मुलांना मी उसाचं उदाहरण देते. शेतकरी ऊस लावतो, कारखाना साखर काढतो, व्यापारी ती उचलतो, दुकानदार पुडीत बांधून देतो. चित्रपटाचंही तसंच. निर्माता चित्रपट बनवतो, वितरक तो गावोगावच्या थिएटरांपर्यंत नेतो, थिएटरमालक तो दाखवतो. या तीन पायऱ्या तीन वेगळ्या माणसांच्या हातात असतील तर त्यांच्यात घासाघीस होते. तिन्ही एकाच्याच हातात आल्या तर त्याला उभं एकत्रीकरण म्हणतात, कारण साखळी वरपासून खालपर्यंत एकाचीच. आणि एखाद्या कारखान्याने शेजारचा कारखानाच विकत घेतला, तर ते आडवं एकत्रीकरण. उभं आणि आडवं, एवढे दोन शब्द मुलांच्या हाती दिले की आजची कुठलीही व्यापारी बातमी ती आपणहून सोडवू लागतात.

उभ्या साखळीचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे प्रभात. १९२९ मध्ये कोल्हापुरात विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कंपनी काढली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. नट, लेखक, सुतार, रंगारी, सगळे महिन्याच्या पगारावर. चित्रीकरणाचा फ्लोअर स्वतःचा, प्रयोगशाळा स्वतःची. १९३४ पासून पुण्याच्या मध्यवस्तीत कंपनीच्या नावाचं थिएटरही होतं. वास्तू किबे घराण्याची, चालवणारी प्रभात. म्हणजे ‘संत तुकाराम’ बनवणाऱ्यांना तो दाखवायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही. तो चित्रपट १९३६ चा, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यामागे दामले-फत्तेलालांची कला आहेच, पण निवांत काम करू देणारी ही व्यवस्थाही आहे. ते धड्यात आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये सरकारची फिल्म संस्था सुरू झाली.

अमेरिकेत मात्र ही उभी साखळी इतकी घट्ट झाली की पाच मोठ्या स्टुडिओंची स्वतःची थिएटरं, आणि बाकीच्या थिएटरांना सक्ती, की एक चांगला चित्रपट हवा असेल तर सोबत आमचे चार पडेल चित्रपटही घ्या. किराणा दुकानदार साखरेबरोबर जुना साबण गळ्यात मारतो तसं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला आणि त्यानंतर स्टुडिओंना थिएटरं विकावी लागली. निकालाची तारीख ३ मे १९४८. ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्या दिवसाला बरोबर ३५ वर्षं झाली होती. यात अर्थ काहीच नाही, पण तारीख लक्षात ठेवायला मुलांना फार उपयोगी पडते. त्या निकालातून आलेली बंधनं अमेरिकेने ऑगस्ट २०२० मध्ये उठवली, कारण तोवर थिएटर हाच एकमेव पडदा राहिला नव्हता.

कोहिनूरच्या दारातली गोष्ट

दादा कोंडके गिरणगावात वाढलेले. १९७१ मध्ये त्यांनी ‘सोंगाड्या’ काढला, स्वतः निर्माते म्हणून. चित्रपट तयार, प्रेक्षक तयार, पण दादरच्या कोहिनूर थिएटरने तो लावायला नकार दिला. त्या जागी देव आनंद यांचा हिंदी चित्रपट लावायचा होता. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद झाली.

ही गोष्ट घराघरात सांगितली जाते ती मराठी बाण्याची म्हणून. वर्गात मी ती वेगळ्या कारणासाठी सांगते. एका थिएटरमालकाच्या एका निर्णयावर अख्खा चित्रपट अडला होता. निर्मात्याची मालकी शंभर टक्के होती, आणि तिची किंमत त्या दिवशी शून्य होती. दार उघडलं ते व्यवसायाच्या नियमाने नव्हे, रस्त्यावरच्या ताकदीने. मग मी विचारते, ज्या निर्मात्याच्या पाठीशी अशी ताकद नसेल त्याने काय करायचं? वर्ग दोन गटांत विभागला जातो. एक मुलगा ठामपणे म्हणाला होता, “थिएटर त्याचं हाय, त्याला परवडंल ते तो लावंल.” दुसऱ्या बाजूची मुलगी म्हणाली, “मग आपल्या भाषेचं कोण लावणार?” मी निकाल देत नाही. दोघांचं म्हणणं फळ्यावर लिहून ठेवते.

हाच वाद २०१५ मध्ये सरकारी पातळीवर आला. राज्य सरकारने एप्रिलमध्ये जाहीर केलं की मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवलाच पाहिजे. गदारोळ झाला, आणि वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस करण्यात आली. मुलांना मी विचारते, मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा खेळ तुमच्या घरातलं कोण पाहू शकतं? त्यांच्या उत्तरात त्या तडजोडीचा सगळा अर्थ येतो.

एका तिकिटाचा प्रवास

आता गणित. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत उत्तम तास हाच असतो, आणि त्याला फळा-खडू सोडून काहीही लागत नाही.

समजा, मल्टिप्लेक्सचं तिकीट २३६ रुपये. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो. म्हणजे ३६ रुपये सरकारचे, राहिले २००. हे दोनशे मल्टिप्लेक्स आणि वितरक यांच्यात वाटले जातात. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला होता. एप्रिलपासून जूनपर्यंत मोठे नवे हिंदी चित्रपट लागलेच नाहीत. त्यानंतर जो करार झाला त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यात ३० टक्के ठरला. आपल्या दोनशेतले पहिल्या आठवड्यात १०० रुपये, मग ८५, मग ७५, मग ६०.

त्या शंभरातून वितरक आपलं कमिशन घेतो. जाहिरातीचा खर्च वजा होतो. पूर्वी पत्र्याच्या डब्यांतून रिळं जायची, आता चित्रपट डिजिटल रूपात जातो, पण त्याचंही भाडं यूएफओ किंवा क्यूबसारख्या कंपन्यांना द्यावं लागतं. उरलं ते निर्मात्याचं. आणि मध्यंतरातले पॉपकॉर्न? त्यातला छदामही निर्मात्याला मिळत नाही, तो सगळा थिएटरचा.

हे आकडे फळ्यावर उतरले की मुलांना एक गोष्ट दिसते, जी मला स्वतःला समजायला बरीच वर्षं लागली. मोठ्या नटाचा चित्रपट पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचतो, म्हणजे जास्त टक्केवारीच्या काळात. छोटा मराठी चित्रपट तोंडी जाहिरातीवर चढतो. “अगं, बघून ये, छान आहे” हे वाक्य पुण्यातून सोलापूरला पोचेपर्यंत दुसरा आठवडा उजाडतो. तोवर वाटा घटलेला असतो आणि खेळही पाचावरून एकावर आलेले असतात. म्हणजे वाटणीची पद्धत वरून सगळ्यांना सारखी दिसली, तरी ती हळू चढणाऱ्या चित्रपटाच्या विरुद्ध झुकलेली आहे.

जाता जाता आणखी एक. जाहिरातीत ‘इतक्या कोटींची कमाई’ असं छापलेलं असतं, तेव्हा मुलांनी विचारावं की ग्रॉस, नेट की शेअर? २३६ म्हणजे ग्रॉस, २०० म्हणजे नेट आणि १०० म्हणजे शेअर. छापला जातो तो बहुतेक वेळा सर्वांत मोठा आकडा.

वितरकांच्या नकाशावर तर मी पूर्ण तास घालवू शकते. चित्रपट विकले जातात टेरिटरीनुसार, म्हणजे वितरणाच्या विभागांनुसार, आणि त्या टेरिटऱ्या आजच्या राज्यांच्या नाहीत. मुंबई, पुणे, कोकण आणि गोवा हे बॉम्बे सर्किटमध्ये, आणि गुजरातही त्याच सर्किटमध्ये. विदर्भ सीपी-बेरार म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडमध्ये, ज्याच्या वितरकांचं एक मोठं ठाणं अमरावती. मराठवाडा निजाममध्ये, तेलंगणाच्या सोबतीला. निजामाचं संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, मध्यप्रांत-वऱ्हाड हे नावही पुसलं गेलं, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पण सिनेमाच्या व्यापाऱ्याच्या वहीत जुना नकाशा तसाच राहिला. एकच मराठी चित्रपट लातूरसाठी एका हिशेबात, सांगलीसाठी दुसऱ्या, नागपूरसाठी तिसऱ्या. इतिहास आणि भूगोल एकाच तासात शिकवायची अशी संधी पुन्हा मिळत नाही.

घर एक, दारं अनेक

आताचे मालक कोण? पीव्हीआर आणि आयनॉक्स या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्या. २०२२ मध्ये त्यांनी विलीन व्हायचं ठरवलं आणि २०२३ च्या सुरुवातीला त्या एक झाल्या, सतराशेच्या आसपास पडद्यांसह. आडवं एकत्रीकरण. डिस्नेने मार्च २०१९ मध्ये ७१ अब्ज डॉलरहून जास्त मोजून फॉक्स घेतली, तेव्हा भारतातलं स्टारचं सगळं कुटुंब डिस्नेकडे आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते रिलायन्सच्या व्हायकॉम१८ शी जोडलं गेलं आणि जिओस्टार तयार झाली. त्याचा आमच्या घराशी काय संबंध, असं मुलं विचारतात. संबंध असा, की संध्याकाळी साडेसातला आजी स्टार प्रवाह लावते आणि काकू कलर्स मराठी लाव म्हणते. रिमोटवरून होणाऱ्या या भांडणात दोन्ही वाहिन्या आता एकाच घरच्या आहेत.

एका घराला अनेक दारं असण्याचा फायदा कसा होतो ते ‘सैराट’मध्ये नीट दिसतं. २९ एप्रिल २०१६ ला आलेला, साधारण चार कोटींत झालेला हा चित्रपट नागराज मंजुळे यांच्या आटपाट आणि झी स्टुडिओज यांचा. झीकडे वितरण होतं. गाणी झीच्याच संगीत कंपनीकडे. टीव्हीवरची प्रसिद्धी झीच्याच वाहिनीवर. टीव्हीवर चित्रपट दाखवण्याचा हक्क कुणाला विकायचा हा प्रश्नही घरातल्या घरात मिटला. २०१८ मध्ये त्याच कथेवर हिंदी ‘धडक’ निघाला, त्यातही झी स्टुडिओज होतंच. प्रत्येक दारातून थोडी थोडी मिळकत.

यावरून कुणी म्हणेल, म्हणजे ‘सैराट’ कंपनीने चालवला. मला हे मान्य नाही. त्याच घराने त्याच साधनांनी आणलेले किती तरी चित्रपट आठवड्यात उतरले. करमाळ्याच्या रानातली ती गोष्ट, अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू, अजय-अतुलचं संगीत, हे नसतं तर दारं उघडून उपयोग नव्हता. पण हेच सगळं असूनही दारं नसती, तर तो चित्रपट शंभर कोटींच्या घरात जाणारा पहिला मराठी चित्रपट झाला असता का, हा प्रश्न मुलांनी उत्तरपत्रिकेत दोन्ही बाजूंनी लिहावा.

मोठं घर नसताना काय करता येतं, याचीही उदाहरणं आहेत आणि ती सांगताना माझा आवाज चढतो. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चे निर्माते गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक, प्रत्येकाने दोन रुपये दिले. १९७६ चा हा चित्रपट, त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. चित्रपट लागला तेव्हा शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा पाहायला आले. सहकारी साखर कारखान्याच्या गावातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. गोव्यात २०१४ मध्ये ‘नाचोम-या कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट लोकवर्गणीतून झाला, आणि बनवणाऱ्यांनी तो नेहमीच्या थिएटरांच्या वाटेला न जाता ठिकठिकाणच्या सभागृहांत स्वतः तिकीट लावून दाखवला. पडदा आपल्याच हातात ठेवायचा, हा त्यांचा निर्णय होता. हा मार्ग दमवणारा आहे, प्रत्येक खेळाला खुर्च्यांपासून प्रोजेक्टरपर्यंत सगळं जुळवावं लागतं. तरी तो मार्ग आहे.

सेन्सॉरबद्दल दोनच वाक्यं, कारण मुलांना ते आधीच माहीत असतं. १९५२ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या यूए गटात ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे आले आहेत, म्हणजे दहावीच्या वर्गातली बहुतेक मुलं शेवटच्या टप्प्याच्या अलीकडे उभी आहेत.

शितावरून भाताची परीक्षा

आता प्रेक्षक. इथे वर्गात गोंधळ असतो, कारण मुलांना वाटतं प्रेक्षक म्हणजे आपण. धंद्यासाठी प्रेक्षक म्हणजे आकडा.

टीव्हीचे प्रेक्षक बार्क नावाची संस्था मोजते. देशात टीव्ही असलेली सुमारे २१ कोटी घरं, आणि मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत. म्हणजे एक घर साडेतीन-चार हजार घरांच्या वतीने बोलतं. मुलं लगेच म्हणतात, हे चूक आहे. मी म्हणते, आई सगळा भात खाऊन बघते का शिजलाय की नाही? शितावरून भाताची परीक्षा होते. पण पातेलं नीट हलवलेलं असेल तरच. वरचं शीत मऊ आणि तळाला भात करपलेला, असं होऊ शकतं. म्हणून नमुन्यात शहर-खेडं, गरीब-श्रीमंत, सगळे प्रमाणात हवेत. आणि ती घरं कोणती हे गुप्त हवं, नाहीतर कुणीही जाऊन त्या घरांना आपलीच वाहिनी लावून ठेवायला पैसे देईल. २०२० मध्ये मुंबईत अशाच आरोपांचा तपास सुरू झाला आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद ठेवले गेले.

घरांची वर्गवारी कशी करतात हे ऐकून वर्ग शांत होतो. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि अकरा गोष्टींपैकी किती घरात आहेत: वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए पासून ई पर्यंत गट. जाहिरातदार वरच्या गटांसाठी जास्त पैसे मोजतो. मालिकांमधली घरं एवढी मोठी का, बायका स्वयंपाकघरात भरजरी का, याची थोडी किल्ली इथे आहे. हे शिकवताना एक पथ्य पाळावं, मुलांना स्वतःच्या घरातल्या वस्तू मोजायला लावू नयेत. कल्पनेतलं घर घ्यावं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपण ई गटात बसतो हे चारचौघांत कळण्याचं दुःख कुठल्याही धड्यापेक्षा मोठं असतं.

मोजलेल्या प्रेक्षकाशिवाय आणखी एक प्रेक्षक असतो, निर्मात्याच्या मनातला. “लोकांना हेच हवं असतं” या वाक्यातले लोक. हा कल्पनेतला प्रेक्षक वारंवार चुकतो. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ला बायका बैलगाडीने, एसटीने येत राहिल्या, आणि जून २०२३ च्या अखेरीस ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा नऊवारी नेसून, गॉगल लावून, घोळक्याने आल्या. कुठे महिला मंडळांनी अख्खा खेळ आधीच घेऊन टाकला. बत्तीस वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा धंद्याला नवल वाटलं, जणू मराठी बाईला स्वतःच्या मर्जीने थिएटरात जायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. (‘बाईपण’मागे जिओ स्टुडिओज होतं, म्हणजे पुन्हा रिलायन्सचंच घर. मुलांना हे शोधायला लावावं, सापडल्यावर होणारा आनंद बघण्यासारखा असतो.)

आणि तिसरा प्रेक्षक, जो कुणाच्याच मापात बसत नाही. जमैकात जन्मलेले आणि बर्मिंगहॅम विद्यापीठात शिकवणारे स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं की बनवणारा चित्रपटात एक अर्थ भरतो, पण पाहणारा तो तसाच उचलतो असं नाही. कुणी जसाच्या तसा घेतो, कुणी थोडा मान्य थोडा अमान्य करतो, कुणी साफ उलटा वाचतो. ‘सैराट’वर बोलताना हे तिन्ही एकाच वर्गात सापडतात. कुणाला तो गाण्यांचा आणि ट्रॅक्टरचा सिनेमा वाटतो. कुणी म्हणतं, प्रेम पटलं, पण पळून जाणं नाही पटलं. आणि एखादं मूल शेवटच्या दृश्याबद्दल काही न बोलता खाली बघत राहतं. त्या मुलाला मी प्रश्न विचारत नाही. जातीबद्दल त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, एवढं शिक्षकाने ओळखायला हवं. ओटीटीवर तुम्ही कुठल्या क्षणी थांबलात, कुठलं दृश्य पुन्हा पाहिलंत, सगळं कंपनीला कळतं. हे मूल का गप्प झालं ते कळत नाही.

धडा संपताना मी गृहपाठ देते, त्याला गुण नसतात. पहिला भाग, कुठल्याही मराठी चित्रपटाच्या पोस्टरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात जी नावं आणि चिन्हं असतात ती उतरवून आणायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं: बनवणारा, पोचवणारा, दाखवणारा, की गाणी विकणारा. दुसरा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिला होता का, तिकीट किती होतं आणि मशीन कुणाचं होतं. तिसरा, एकच अ‍ॅप दोन फोनवर, एक आपल्या आणि एक आईच्या, एकाच वेळी उघडायचं आणि पहिल्या दहा चित्रपटांची नावं ज्या क्रमाने दिसतील त्या क्रमाने लिहून आणायची.

गेल्या खेपेला दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावून एका मुलीने आईच्या यादीतल्या दोन नावांवर खूण केली होती आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, “बाई, हे कोण ठरवतं?” तिच्या त्या ओळीशेजारी मी कोहिनूर थिएटरचं नाव लिहिलं आणि वही परत दिली.